मधुमेहींची ओळखपट्टी : वाचा हरपल्यावर बोलणारा दागिना

सोन्याचा दागिना किती कसाचा आहे हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. म्हणूनच त्यावर हॉलमार्कची मुद्रा असते आणि २०२१ पासून सहा अक्षरे व अंकांचा स्वतंत्र ओळख क्रमांकही कोरला जातो. मधुमेहाचेही असेच आहे. रस्त्याने चालणाऱ्या, बसमध्ये शेजारी बसलेल्या किंवा बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या व्यक्तीला मधुमेह आहे, हे तिच्याकडे पाहून सांगता येत नाही. एरवी ते कोणास कळण्याची गरजही नसते. तथापि ज्या क्षणी ती व्यक्ती भोवळ येऊन कोसळते, त्या क्षणी तेवढी एकच माहिती तिचे प्राण वाचविण्यास उपयोगी पडते, आणि नेमकी त्याच वेळी ती सांगण्याची शक्ती तिच्यात उरलेली नसते. ही उणीव भरून काढणारे साधन म्हणजे वैद्यकीय ओळखपट्टी : मनगटात किंवा गळ्यात घालावयाचा, आजाराची नोंद कोरलेला छोटासा दागिना. पाश्चात्त्य देशांत तो सर्वपरिचित आहे. आपल्याकडे मात्र घरोघरी मधुमेह असूनही हा दागिना क्वचितच दिसतो.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असून प्रौढांतील प्रमाण ११.४ टक्के आहे. गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. यास्तव हा विषय मूठभर रुग्णांचा नसून प्रत्येक कुटुंबाचा आहे.

दागिन्यांची पेठ आणि परगावची माणसे

या विषयाचा विचार करण्यास दिल्लीतील करोल बाग हे अत्यंत योग्य ठिकाण होय. येथील सराफी पेढ्यांच्या रस्त्याचे नावच बँक स्ट्रीट आहे. जवळच्या बीडनपुरा, रैगरपुरा या गल्ल्यांत दागिने घडविणाऱ्या कारागिरांचे असंख्य छोटे कारखाने आहेत. सोन्याच्या या जगात मराठी माणसाचाही वाटा आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या व्यवसायासाठी देशभरच्या सराफ बाजारांत पसरली. करोल बागही त्यास अपवाद नाही. याखेरीज प्रशासकीय सेवेच्या परीक्षांची तयारी करण्यासाठी महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले विद्यार्थी करोल बाग आणि लगतच्या जुन्या राजेंद्रनगरात भाड्याच्या खोल्यांतून राहतात.

गलाई कारागीर आणि विद्यार्थी यांचे आयुष्य अगदी वेगळे, परंतु एका बाबतीत दोघांची स्थिती सारखीच आहे. गावी चक्कर येऊन कोणी पडला, तर चार माणसे धावतात आणि त्यांतील एकाला तरी ‘याला साखरेचा त्रास आहे’ हे ठाऊक असते. परक्या शहरात भोवती शेकडो माणसे असूनही ओळखीचे कोणी नसते. करोल बागपासून सर गंगाराम हॉस्पिटल अगदी जवळ आहे. १९२१ मध्ये लाहोरला स्थापन झालेली ही संस्था फाळणीनंतर दिल्लीत पुन्हा उभी राहिली. तरीही, पडलेल्या माणसास उपचाराची गरज आहे हे आधी कोणीतरी ओळखले, तरच त्या सान्निध्याचा उपयोग.

करोल बागेचे वैद्यकाशी असलेले नाते जुने आहे. हकीम अजमल खान यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या येथील तिब्बिया महाविद्यालयाचे उद्घाटन महात्मा गांधींच्या हस्ते १३ फेब्रुवारी १९२१ रोजी झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांचे इन्सुलिनविषयीचे प्रयोग चालू होते. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्सन या १४ वर्षांच्या मुलास इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. तोपर्यंत बालवयात मधुमेह होणे म्हणजे लवकरच मृत्यू, असेच समीकरण होते. इन्सुलिनने ते बदलले. मात्र या जीवनदायी औषधाबरोबर एक नवा धोकाही आला. तो म्हणजे रक्तातील साखर गरजेपेक्षा खाली उतरण्याचा.

साखर उतरते तेव्हा

मधुमेह म्हणजे साखर वाढणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची नाही. परंतु काही मिनिटांत माणसास असहाय करणारी अवस्था बहुधा साखर कमी झाल्याने येते. रक्तातील साखर प्रति डेसिलिटर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की सावध व्हावे आणि ५४ च्या खाली गेल्यास स्थिती गंभीर समजावी, असा वैद्यकीय संकेत आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका विशेष असतो. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत तो फारच कमी असतो. औषध घेऊन जेवण टाळणे, उपवास, नेहमीपेक्षा अधिक श्रम, मद्यपान, मूत्रपिंडाचा विकार ही साखर उतरण्याची प्रमुख कारणे होत.

प्रारंभी दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, तीव्र भूक लागते. ही शरीराची हाक असते. ती दुर्लक्षिली गेली तर मेंदूवर परिणाम होऊ लागतो, कारण मेंदूचे काम मुख्यतः रक्तातील ग्लुकोजवरच चालते. मग बोलणे अडखळते, पावले लटपटतात, माणूस असंबद्ध बोलतो, कधी विनाकारण चिडतो, मदतीस आलेल्याचा हात झिडकारतो. पुढे झटके येतात किंवा शुद्ध हरपते. अनेक वर्षे मधुमेह असलेल्या काही रुग्णांना तर घाम, थरथर ही पूर्वसूचनाच मिळेनाशी होते आणि ते थेट गोंधळलेल्या अवस्थेत जातात.

हे वर्णन पुन्हा वाचल्यास ध्यानात येईल की, दारू प्यालेल्या माणसाचेही आपण असेच वर्णन करू. खरा घात येथेच होतो. मेट्रोच्या जिन्यावर किंवा दुकानाच्या पायरीवर डोलणारा, बरळणारा तरुण दिसला की लोक बाजूने निघून जातात. साखर फार वाढून रक्तात आम्ल साचले, तर श्वासास फळे कुजल्यासारखा वास येतो, आणि त्यामुळेही दारूचा संशय बळावतो. रुग्णालयात पोहोचल्यावर ग्लुकोमीटरने काही सेकंदांत निदान होते. प्रश्न असतो तो तेथे पोहोचण्यापूर्वीच्या वेळेचा. ‘हा मद्यपी’ असे वाटल्याने जी अर्धी घटका निघून जाते, ती परत मिळत नाही. मनगटावरची ‘मधुमेह – इन्सुलिन’ ही दोनच अक्षरओळींची पट्टी पाहणाऱ्याचा तो ग्रह तत्क्षणी दूर करते.

ओळखपट्टीचा उगम

या पट्टीची कल्पना कोणा कारखानदारास सुचली नाही. ती एका घरातील संकटातून जन्माला आली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या टर्लॉक या गावी डॉ. मॅरियन कॉलिन्स यांची १४ वर्षांची कन्या लिंडा हिच्या बोटास १९५३ मध्ये जखम झाली. धनुर्वाताचे प्रतिविष द्यावयाचे म्हणून त्वचेवर अल्प मात्रेची चाचणी घेण्यात आली. तेवढ्यानेच तिला तीव्र ॲलर्जी होऊन ती मृत्यूच्या दारापर्यंत जाऊन आली. घरात वडील व काका डॉक्टर असल्याने ती वाचली. पुढे ती शिक्षणासाठी घराबाहेर पडणार, तेव्हा परक्या गावात हीच चाचणी पुन्हा कोणी केली तर काय, ही चिंता आईवडिलांना लागली. सुरुवातीस कागदाच्या चिठ्ठीवर काम भागवले गेले आणि त्यातूनच कोरीव अक्षरांच्या चांदीच्या पट्टीची कल्पना निघाली. १९५६ मध्ये कॉलिन्स दांपत्याने ‘मेडिकअ‍ॅलर्ट’ ही संस्था स्थापन केली आणि ही पट्टी जगभर पोहोचली. दंडाभोवती वेटोळे घातलेल्या सर्पाचे वैद्यकीय चिन्ह अशा पट्ट्यांवर आजही आढळते.

घरापासून दूर शिकावयास निघालेली मुलगी आणि तिच्या पाठीशी उभे राहण्याची आईवडिलांची धडपड हे चित्र दिल्लीस मुले पाठविणाऱ्या मराठी पालकांना परके वाटू नये.

पट्टीवर काय असावे

जागा थोडी असते. म्हणून प्रत्येक शब्द निवडून घ्यावा. पुढील क्रम सोयीचा ठरतो :

१. आजाराचे नाव : ‘मधुमेह’ किंवा ‘डायबिटीस’. प्रकार-१ असल्यास तसा उल्लेख.

२. औषध : इन्सुलिन घेत असल्यास तो शब्द अवश्य. साखर उतरण्याची शक्यता त्यावरून कळते.

३. जीविताशी संबंधित अन्य बाब : पेनिसिलिनसारख्या औषधाची ॲलर्जी, रक्त पातळ करणारी गोळी, पेसमेकर इत्यादी.

४. रुग्णाचे नाव आणि निकटवर्तीयाचा मोबाइल क्रमांक : शक्य तर दोन क्रमांक, त्यांतील एक त्याच शहरातील.

अक्षरे ठळक असावीत. प्रवास करणाऱ्यांनी एका बाजूस इंग्रजी व दुसऱ्या बाजूस देवनागरी लिपी ठेवणे उत्तम. दिल्लीत देवनागरीतील मजकूर रिक्षाचालकापासून पोलिसापर्यंत बहुतेकांना वाचता येतो. रक्तगट लिहिण्याची प्रथा आहे; तथापि रक्त देण्यापूर्वी रुग्णालय तो स्वतः तपासतेच, त्यामुळे जागा अपुरी असल्यास तो वगळण्यास हरकत नाही.

काय लिहू नये हेही तितकेच महत्त्वाचे. घराचा संपूर्ण पत्ता, आधार क्रमांक, खाते क्रमांक किंवा जन्मतारीख पट्टीवर कदापि कोरू नये. पट्टी हरवल्यास ही माहिती अनोळखी हाती जाते. उपचारासाठी तिची काहीच गरज नसते, गैरवापरासाठी मात्र ती पुरेशी ठरते. त्याचप्रमाणे औषध बदलले किंवा मोबाइल क्रमांक बदलला, तर नवी पट्टी करून घ्यावी. बंद पडलेला क्रमांक कोरलेली पट्टी नाव बदलूनही जुन्याच सहीवर चालविलेल्या खात्यासारखी आहे. ऐन वेळी ती कामास येत नाही.

धातू, घडण आणि जागा

मदतीस येणारी जाणकार व्यक्ती प्रथम मनगटावर किंवा मानेशी नाडी पाहते. म्हणजेच हात सहज जातो त्या जागी पट्टी असावी. मनगट सर्वांत उत्तम, त्यानंतर गळा. अंगठी फार लहान पडते. पायातील पट्टी तर दिसतच नाही, शिवाय मधुमेहींच्या पायाची संवेदना कमी झालेली असल्यास तिने जखम होण्याची भीती असते.

धातूंमध्ये वैद्यकीय दर्जाचे पोलाद स्वस्त, टिकाऊ आणि घामास दाद न देणारे असते. चांदी शोभिवंत दिसते, पण काळवंडल्यावर अक्षरे अस्पष्ट होतात. सोन्याची हौस असल्यास ती अवश्य करावी. मात्र गर्दीच्या पेठेत सोन्याकडे चोराचीही नजर जाते आणि हिसकावून नेलेली पट्टी गरजेच्या वेळी अंगावर नसते. येथे सर्वांत स्वस्त वस्तूच सर्वांत सोयीची ठरते. ज्यांच्या त्वचेस निकेलची ॲलर्जी आहे, त्यांनी पट्टी घेण्यापूर्वी धातूची चौकशी करावी.

गलाईचे काम करणाऱ्यांनी थोडा अधिक विचार करावयास हवा. भट्टीच्या उष्णतेने त्वचेतील रक्तप्रवाह वाढतो, त्यामुळे टोचून घेतलेले इन्सुलिन लवकर शोषले जाऊन साखर अनपेक्षितपणे उतरू शकते. वितळलेला धातू आणि तेजाब यांच्या सान्निध्यात हात थरथरणे किंवा भोवळ येणे किती घातक, हे वेगळे सांगावयास नको. अशा कारागिराने मनगटाऐवजी सदऱ्याच्या आत, गळ्यात पोलादाची पट्टी घालावी. तेजाबात चांदी विरघळते, म्हणून चांदीची पट्टी येथे अयोग्य. फिरत्या यंत्रावर काम करणाऱ्यांनीही मनगटात काही न घालणेच बरे.

पट्टी दागिन्यात हरवू नये. दिल्लीत कडे घालणारे पुष्कळ आहेत. त्यातलेच एक समजून कोणी दुर्लक्ष केले, तर हेतू विफल होतो. यासाठी पट्टीवर सर्प व दंडाचे चिन्ह लाल रंगात ठळक असावे. स्त्रियांनी ती बांगड्यांच्या मध्ये किंवा मंगळसूत्राच्या वाट्यांमागे झाकली जाणार नाही, असे पाहावे. हाताला सूज आल्यास काचू नये इतकी ती सैल, आणि आपोआप गळून पडणार नाही इतकी घट्ट असावी. एमआरआय तपासणीच्या वेळी ती काढावी लागते. नंतर पुन्हा घालण्याची आठवण घरच्यांनी ठेवावी.

करोल बागेतील कारागिरांना अशी पट्टी घडविणे अवघड नाही. ज्या हातांनी नथीतील मोती बसतो, त्यांना चार ओळी कोरणे कितीसे कठीण? मजकूर मात्र स्वच्छ अक्षरांत कागदावर लिहून द्यावा आणि पट्टी हाती आल्यावर प्रत्येक अंक ताडून पाहावा.

मोबाइल आणि पाकीट पुरेसे नाही का?

आजच्या मोबाइलमध्ये कुलूपबंद पडद्यावरूनही पाहता येईल अशी आपत्कालीन माहिती भरून ठेवण्याची सोय असते. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या १४ अंकी ‘आभा’ क्रमांकामुळे आरोग्याच्या नोंदी एकत्र ठेवता येतात. पाकिटात मधुमेहाचे कार्ड ठेवणेही चांगले. या सर्व सोयी अवश्य वापराव्यात. परंतु पडताना मोबाइल फुटतो, त्याची बॅटरी संपते किंवा गर्दीत तो नाहीसा होतो. अनोळखी माणसाच्या खिशात हात घालण्यास सज्जन माणूस कचरतो. अंगावरची पट्टी मात्र न शोधता दिसते. सविस्तर माहितीसाठी मोबाइल व कार्ड, आणि पहिल्या इशाऱ्यासाठी पट्टी, अशी ही विभागणी आहे.

बँकेच्या दालनात

दरवर्षी नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावयाचा असतो. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’द्वारे तो घरबसल्या देता येऊ लागला, तरी अनेक ज्येष्ठ ग्राहक शाखेत येणेच पसंत करतात. गर्दी होण्यापूर्वी पोहोचावे म्हणून सकाळची गोळी घेऊन, न्याहारी मात्र न करता घराबाहेर पडणारे त्यांत असतात. रांग लांबते आणि साखर उतरू लागते. १४ नोव्हेंबर हा बँटिंग यांचा जन्मदिवस जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो, तोही याच महिन्यात. या सुमारास प्रत्येक शाखेतील कर्मचाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्यात :

१. ग्राहक एकाएकी घामाघूम झाला, सही करताना हात कापू लागला किंवा असंबद्ध बोलू लागला, तर प्रथम त्यास बसवावे आणि मनगट व गळा पाहावा.

२. तो शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर किंवा तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी. अर्धा पेला फळांचा रसही चालेल. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी घेणाऱ्यांना साखरेचा गुण उशिरा येतो, म्हणून ग्लुकोज उत्तम. पेढा, बर्फी, चॉकलेट यांतील स्निग्धांशामुळे साखर शोषण्यास विलंब लागतो.

३. १५ मिनिटांनी सुधारणा नसल्यास तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. बरे वाटल्यावर पोळी, बिस्किटे असे काही खावयास द्यावे.

४. साखर कमी की जास्त, अशी शंका असल्यास कमी समजूनच उपचार करावा. साखर जास्त असली तरी एवढ्याशा ग्लुकोजने फारसे बिघडत नाही. कमी असताना न देणे मात्र जिवावर बेतू शकते. इन्सुलिन कदापि टोचू नये.

५. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर निजवून ११२ क्रमांकावर कळवावे आणि पट्टीवरील नातेवाइकास दूरध्वनी करावा.

शाखेच्या प्रथमोपचार पेटीत ग्लुकोजचा एक डबा ठेवण्यास खर्च नगण्य आहे.

रस्त्यात पडलेल्यास हात लावला तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीतीही आता बाळगण्याचे कारण नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेले कलम १३४अ अपघातग्रस्तास सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण देते.

संकोचाचा अडसर

इतके असूनही पट्टी घालणारे थोडेच. कारण किंमत नव्हे, तर संकोच. ‘आजार चारचौघांत का मिरवायचा?’, ‘मुलीचे लग्न ठरायचे आहे’, ‘कार्यालयात समजले तर बढती अडेल’ असे विचार मनात येतात. ते सर्वस्वी निराधार आहेत असे म्हणता येणार नाही. समाजाची दृष्टी अद्याप पुरेशी निकोप झालेली नाही. म्हणून ज्यांना उघडपणे पट्टी घालणे खरोखरच अडचणीचे वाटते, त्यांनी ती सदऱ्याच्या किंवा पदराआड गळ्यात घालावी. शुश्रूषा करणाऱ्यास ती तेथेही सापडेल. पट्टी मुळीच न घालण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही श्रेयस्कर. चष्मा लावण्यातही एके काळी कमीपणा मानला जात असे. आज त्याकडे कोणी वळूनही पाहत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत पालकांनी अधिक जपावे. पट्टी ही शिक्षा वाटता कामा नये. तिचा रंग, घडण मुलास निवडू द्यावी आणि तिच्यावर काय लिहिले आहे व का, हे त्याला समजेल अशा भाषेत सांगावे. वर्गशिक्षकांनाही त्याची कल्पना द्यावी.

आपल्या घरी सणासुदीस सराफाकडे जाण्याची प्रथा आहे. येत्या दसऱ्यास किंवा पाडव्यास घरातील मधुमेही व्यक्तीसाठी एक साधी पट्टी आणावी, तिच्यावरचा दूरध्वनी क्रमांक एकदा लावून पाहावा आणि ती रोज, अंघोळीच्या व झोपेच्या वेळीही अंगावर राहील याची सवय लावावी. शिक्षणासाठी किंवा धंद्यासाठी घरातील कोणी दूर जावयास निघाले असल्यास प्रवासाच्या सामानात तिला पहिले स्थान द्यावे.